लाइट गेली की अप्पांच्या कानात शिट्टी चालू

सोलापुरात मे महिन्यात रात्री लाइट गेली की बाकीच्यांना उकाडा होतो, आमच्या अप्पांना आवाज होतो. फॅन बंद, शेजारचा कूलर बंद, गल्ली एकदम चिडीचूप, की पाचव्या मिनिटाला अप्पा अंथरुणावर उठून बसणार आणि म्हणणार, "झालं बघ चालू." काय चालू झालं, तर कानातली शिट्टी. बारीक, एकसुरी, रातकिड्यासारखी. पूर्व भागातल्या एका कारखान्यात त्यांनी तीसेक वर्षं पावरलूमवर टॉवेल काढले, आणि चालू मागांच्या शेडमध्ये ज्यांनी एकदा जरी पाऊल टाकलंय त्यांना सांगायला नको की तिथं माणसं ओठ बघून आणि हातवारे करूनच बोलतात. त्यामुळं अप्पांचे कान गेले, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही.

नवल माझं वाटलं. मी माग चालवला नाही, पण एका मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर दोन तास नाचलो आणि दुसऱ्या दिवसापासून कानात तीच शिट्टी. आठवड्यानं कमी झाली, पण रात्री अजून असते. कानाची टेस्ट केली, त्या काचेच्या खोलीत हेडफोन घालून बटण दाबायचं ती, तर ग्राफ एकदम नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कान उत्तम आहेत, टेन्शन घेऊ नका. अरे पण कान उत्तम आहेत तर वाजतंय काय? तिथून मी वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की जगभरातले संशोधक याच प्रश्नाशी झटतायत. असं कान वाजण्याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद, आणि 2022 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगात साधारण 14 टक्के प्रौढांना तो कधी ना कधी जाणवतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा आवाज बहुतेक वेळा कानात नसतोच. कानाच्या नसेवरची गाठ काढताना काही पेशंटची ऐकण्याची नसच कापावी लागते, आणि तरीही त्यातल्या कित्येकांची शिट्टी थांबत नाही, काहींची तर वाढते. आता तारच तोडली तरी भोंगा वाजतोय म्हणजे भोंगा वर कुठंतरी आहे, मेंदूत.

मेंदू असं का करेल? इंग्लंडमध्ये एक साधाच प्रयोग झाला, 2012 साली छापून आला. चांगलं ऐकू येणाऱ्या 18 जणांच्या एका कानात सात दिवस बोळा घालून ठेवला. त्यातल्या 14 जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. म्हणजे कानाकडून येणारा माल कमी झाला की मेंदू स्वतःचा आवाज वाढवून घेतो. रात्री अंधारात मोबाईलनं फोटो काढून बघा, सगळीकडे दाणे दाणे दिसतात. ते दाणे समोर नसतात, उजेड कमी म्हणून कॅमेरा आपली ताकद वाढवतो आणि त्या नादात स्वतःचीच खरखर मोठी करून दाखवतो. मेंदूतल्या ऐकण्याच्या पेशी पूर्ण शांततेतसुद्धा अधूनमधून सिग्नल सोडत असतात, ती त्यांची नेहमीची खरखर. अप्पांच्या बारीक आवाजाच्या केसपेशी, म्हणजे कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या पेशी, मागानं मारल्या (या पेशी कोंबडीत परत उगवतात, माणसात नाही, हे वाचून मला कोंबडीचा पहिल्यांदा हेवा वाटला), तिथून सिग्नल येईना, मेंदूनं तिथला आवाज वाढवला आणि खरखरीची शिट्टी झाली.

पण मग माझं काय, माझा तर ग्राफ नॉर्मल. याचं उत्तर बॉस्टनच्या दोन संशोधकांनी, शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 मध्ये उंदरांवर दाखवलं. उंदरांना दोन तास 100 डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं पूर्ववत झालं, टेस्टमध्ये पास. पण आत सूक्ष्मदर्शकानं पाहिलं तर केसपेशी शाबूत आणि त्या पेशींना नसेशी जोडणारे जोड मात्र काही भागात जवळजवळ निम्मे गायब! आपली टेस्ट फक्त एवढंच विचारते की सगळ्यात हळू आवाज ऐकू येतो का, आणि त्याला नसेचे थोडेच धागे पुरतात. टॉवेलमधले एकाआड एक धागे काढले तरी लांबून टॉवेल टॉवेलच दिसतो, तसं. या प्रकाराला लपलेला बहिरेपणा म्हणतात, आणि 2023 मध्ये त्याच बॉस्टनच्या गटानं नॉर्मल ग्राफवाल्या पण कान वाजणाऱ्या माणसांमध्येही नसेचे धागे कमी झाल्याच्या आणि मेंदूच्या खोडातली (मेंदूचा मानेकडचा बुंधा, ब्रेनस्टेम) हालचाल वाढल्याच्या खुणा मोजल्या. हे वाचून मला बरंही वाटलं आणि धडकीही भरली. बरं अशासाठी की मी वेडा नाही.

आता खरी गंमत. अप्पा कडक भाकरी खायला लागले की म्हणतात शिट्टी वाढली. आम्ही हसायचो. पण ही थट्टा नाही, टिनिटस असलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांना जबडा आवळून, मान वळवून किंवा दात दाबून आपला आवाज बदलता येतो. कारण असं की कानाकडून आलेली नस मेंदूच्या खोडात जिथं पहिल्यांदा पोचते, त्या ठाण्यात चेहरा, जबडा आणि मान यांच्याकडूनही तारा येतात. आपण स्वतः चावतो, बोलतो, तेव्हाचा आपलाच आवाज वजा करायला हे बहुतेक उपयोगी पडत असावं. मिशिगन विद्यापीठातल्या सुसान शोअर यांनी वर्षानुवर्षं याच ठाण्यावर काम केलंय. त्यांना प्राण्यांमध्ये दिसलं की कानाकडचा माल कमी झाला की तिथल्या पेशी जबड्या-मानेकडच्या सिग्नलला जास्तच दाद देतात आणि सगळ्या एका तालात सिग्नल सोडायला लागतात. मग त्यांनी उलटा डाव टाकला. ठराविक आवाज आणि त्याच्याशी नेमकं टायमिंग जुळवून गालाला किंवा मानेला विजेची हलकी टिचकी, म्हणजे बिघडलेला ताल मोडायचा. जबडा-मान हलवून आवाज बदलणाऱ्या 99 लोकांवर रोज अर्धा तास, सहा आठवडे असा प्रयोग झाला, निकाल 2023 मध्ये आला, आणि निम्म्याहून जास्त लोकांना चांगलाच फरक पडला. आवाज कायमचा गेला असं नाही, कमी झाला. मी हे अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे भाकरी भिजवून खाऊ का?"

या सगळ्यात एक भोक आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अप्पांबरोबर त्याच शेडमध्ये तितकीच वर्षं काढलेले, त्यांच्याइतकंच कमी ऐकू येणारे लोक आहेत ज्यांचे कान अजिबात वाजत नाहीत. मेंदूनं नुसतं आवाज वाढवणं एवढंच कारण असतं तर सगळेच रात्री उठून बसले असते. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगल्या कानांच्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं तर 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. म्हणजे खरखर जवळपास प्रत्येकात आहे, बहुतेकांचा मेंदू ती गाळून टाकतो. काही संशोधकांच्या मते ही गाळणी मेंदूच्या पुढच्या आणि भावनांशी जोडलेल्या भागात आहे, आणि ती सैल झाली की आवाज वर येतो. न्यूकॅसलचे विल सेडली वगैरे मंडळी वेगळं म्हणतात, मेंदू सतत अंदाज बांधत असतो, खरखरीला तो आधी "काही नाही" म्हणून सोडून देतो, पण एखाद्या ताणाच्या काळात तिच्यावर लक्ष गेलं की अंदाजच बदलतो, "इथं शिट्टी असते" असा, आणि मग ती हटत नाही. मला हे जास्त पटतं, कारण अप्पांची शिट्टी कारखाना बंद पडला त्याच वर्षी चालू झाली होती, माग चालू असताना नव्हे. अर्थात एका माणसावरून सिद्धांत ठरत नाही. उंदरांच्या मेंदूत सूज आणणारे रेणू वाढतात आणि ते अडवले तर टिनिटसची लक्षणं दिसत नाहीत, असंही 2019 मध्ये दिसलंय, पण ते माणसापर्यंत यायला वेळ आहे.

एकाच कानात वाजत असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप होत असेल तर मात्र हे सगळं वाचत बसू नका, कानाच्या डॉक्टरकडे जा, तिथं कारण वेगळं असू शकतं. आणि कधीकधी नुसता मळ असतो.

अप्पांना गेल्या दिवाळीनंतर ऐकण्याचं मशीन लावलं. आधी तयार नव्हते, म्हातारा दिसतो म्हणायचे. आता दिवसा शिट्टी जवळजवळ नाही म्हणतात, कारण बाहेरचा बारीक आवाज परत आत यायला लागलाय आणि मेंदूला ताकद वाढवायची तितकी गरज उरत नाही. रात्री मशीन काढून ठेवतात, तेव्हा फॅन लागतो. यावर्षी आम्ही इन्व्हर्टर घेतला तो वाऱ्यासाठी नाही, फॅनच्या घरघरीसाठी.