कॉपी-पेस्टचे वर्तन सोपे करताना : टेक्स्ट एडिटरमधील क्लिपबोर्डची पार्श्वभूमी

महापे येथील आमच्या कार्यालयात मराठी मजकूर तपासण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी एक अंतर्गत टेक्स्ट एडिटर वापरला जातो. त्यातील कॉपी-पेस्टचे वर्तन सोपे करावे, असा प्रस्ताव सध्या विचाराधीन आहे. वापरणाऱ्यांत दोन सवयींची माणसे आहेत. काही जण ठाण्यातील नौपाडा भागात वर्षानुवर्षे डीटीपी करून आलेले आहेत, तर काही जण प्रोग्रॅमर असून टर्मिनलच्या काळ्या पडद्यावरच वाढलेले आहेत. एकाच कळीकडून दोघांच्या अपेक्षा वेगळ्या असतात, आणि एडिटरने आजवर दोघांनाही सांभाळण्याचा प्रयत्न केल्यामुळे त्यात एकाच कामाचे चार मार्ग साचले आहेत. हे मार्ग आले कुठून, हे ठाऊक असल्याशिवाय त्यांतला कोणता काढायचा हे ठरवता येणार नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

कापणे आणि चिकटवणे ही कामे संगणकापूर्वीची आहेत. फोटोटाइपसेटिंगच्या काळात मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांत ब्रोमाइडचे, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटो-कागदाचे, तुकडे कात्रीने कापून पानावर डकवले जात आणि त्या कामाला सरळ पेस्टिंगच म्हणत. पडद्यावर हीच कृती आणण्याचे श्रेय प्रामुख्याने झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 1973 साली रुजू झालेल्या लॅरी टेस्लर यांच्याकडे जाते. त्यांनी टिम मॉट यांच्यासह जिप्सी हा एडिटर तयार केला, आणि तोही झेरॉक्सच्याच मालकीच्या गिन अँड कंपनी या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेतील संपादकांसाठी. संगणकाशी कधी संबंध न आलेली ही माणसे हाताने कशी दुरुस्त्या करतात, हे त्यांनी आधी पाहिले आणि मग आज्ञा ठरवल्या. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण कॉपी-पेस्टची रचना मुळात मजकुराशी काम करणाऱ्यांसाठी झाली होती, यंत्राशी काम करणाऱ्यांसाठी नव्हे.

त्याआधी त्याच केंद्रात तयार झालेला ब्रावो हा एडिटर अवस्थांवर चालत असे. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा ठरे. आज्ञेच्या अवस्थेत आहोत हे विसरून एखाद्याने इंग्रजी ‘एडिट’ हा चार अक्षरी शब्द टंकित केला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई आणि संपूर्ण दस्तऐवजाच्या जागी एकटे ‘टी’ अक्षर उरे. टेस्लर यांचा अवस्थांना असलेला कडवा विरोध अशा अनुभवांवर उभा होता. जिप्सीत आधी मजकूर निवडायचा आणि मग आज्ञा द्यायची, हा क्रम त्यांनी पक्का केला आणि तोच आज सर्वत्र रूढ आहे.

1980 साली टेस्लर ॲपलमध्ये गेले. 1983 च्या लिसा आणि 1984 च्या मॅकिंटॉश या संगणकांतून झेड, एक्स, सी आणि व्ही (अनुक्रमे अनडू म्हणजे केलेले मागे घेणे, कट, कॉपी आणि पेस्ट) या शेजारशेजारच्या चार कळा लोकांच्या बोटांत बसल्या. मॅकिंटॉशच्या ‘एडिट’ मेनूत कट, कॉपी आणि पेस्ट यांच्या खाली ‘क्लिअर’ ही आणखी एक आज्ञा होती. कट केलेला मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे उचललेला मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेवर, जाई, क्लिअर केलेला मात्र नुसता पुसला जाई आणि क्लिपबोर्डवर आधी जे होते ते तसेच राही. उचलणे आणि मिटवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा भेद तेव्हाच इतक्या स्वच्छपणे मांडलेला होता, आणि आमच्या प्रस्तावाचा गाभाही हाच आहे. आयबीएमने 1987 साली याच कामांसाठी कंट्रोल, शिफ्ट, इन्सर्ट आणि डिलीट यांच्या जोड्या ठरवल्या. विंडोजने आधी त्या स्वीकारल्या, नंतर 3.1 आवृत्तीत सी-व्हीच्या कळा घेतल्या आणि जुन्या जोड्याही चालू ठेवल्या. आमच्या एडिटरमधील चार मार्गांपैकी दोन तेथून आलेले आहेत.

उरलेल्या दोन मार्गांचे मूळ युनिक्स या संगणक प्रणालीच्या परंपरेत आहे. बर्कली येथे बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम 300 बिट जात असत आणि माऊस नव्हता. दाबलेली प्रत्येक कळ महाग होती. त्यामुळे पुसलेला मजकूर आपोआप एका अनामिक साठ्यात ठेवायचा आणि एका अक्षराच्या आज्ञेने तो दुसरीकडे उतरवायचा, ही सोय अतिशय शहाणपणाची होती. ओळ हलवायची तर ती पुसा, खाली जा आणि उतरवा, इतकेच. याशिवाय ए ते झेड अशी नावे असलेले 26 साठे आणि नुकत्याच पुसलेल्या मजकुराचे क्रमांकित साठे होतेच. ब्रॅम मूलेनार यांनी 1991 पासून प्रसृत केलेल्या व्हिम या व्हीआयच्या धर्तीवरील एडिटरमध्ये हे सारे आले, त्यात भरही पडली.

अडचण कुठे येते, ते एका साध्या उदाहरणावरून दिसते. एका ओळीतला ‘महानगरपालिका’ हा शब्द उचलून खालच्या ओळीतल्या ‘नगरपालिका’ या शब्दाच्या जागी घालायचा आहे. पहिला शब्द उचलला, खाली येऊन चुकीचा शब्द पुसला आणि पेस्ट केले, तर हातात ‘नगरपालिका’च येते, कारण पुसण्याच्या कृतीने उचललेला शब्द साठ्यातून बाहेर ढकललेला असतो. व्हिममध्ये यासाठी शून्य क्रमांकाचा साठा आहे. शेवटचा उचललेला मजकूर तेथे सुरक्षित राहतो, आणि जाणकार तो वापरतात. परंतु दुरुस्तीचा हा सर्वांत नेहमीचा प्रकार पार पाडण्यासाठी वेगळे ज्ञान लागावे, हे मला मान्य नाही. कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी ताई म्हणाल्या, “मी पुसलं ते मला नकोच होतं, म्हणून तर पुसलं; मग तेच परत कशाला देतो हा?” पन्नास वर्षांपूर्वीच्या मंद तारेची गोष्ट त्यांनी का सहन करावी, याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यात युनिक्स आणि लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीची भर पडली. 1987 साली आलेल्या अकराव्या आवृत्तीत ‘निवडी’ एकाहून अधिक आहेत. माऊसने मजकूर नुसता रंगवला की तो ‘प्रायमरी’ निवड ठरतो आणि मधले बटण दाबले की उतरतो. मुद्दाम कॉपी केलेला मजकूर मात्र ‘क्लिपबोर्ड’ या निवडीत जातो. शिवाय कॉपी करताना प्रत्यक्षात मजकूर कुठेही हलत नाही. ‘माझ्याकडे मजकूर आहे’ एवढेच तो प्रोग्रॅम जाहीर करतो आणि दुसऱ्याने मागितल्यावर देतो. म्हणून क्लिपबोर्ड सांभाळणारा वेगळा प्रोग्रॅम चालू नसेल, तर ज्यातून कॉपी केले तो प्रोग्रॅम बंद करताच मजकूर नाहीसा होतो. लिनक्सवर काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी यातूनच येतात.

व्हिममध्ये या दोन निवडींसाठी तारांकन आणि अधिक चिन्हाचे साठे आले, आणि पुढे अनामिक साठा थेट प्रणालीच्या क्लिपबोर्डला जोडण्याची सेटिंगही मिळाली. तिने बाहेरचा मजकूर सहज आत येऊ लागला, पण पुसलेला प्रत्येक शब्द आता प्रणालीच्या क्लिपबोर्डवरही जाऊन बसू लागला. अर्धा उपाय केला की दुखणे घराबाहेर पसरते, ते असे. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरने 2012 सालच्या 24.1 आवृत्तीत अधिक विचारपूर्वक पाऊल उचलले. मजकूर काढण्या-घालण्याच्या आज्ञा क्लिपबोर्डकडे आणि माऊसच्या कृती प्रायमरीकडे, अशी वाटणी मूळ वर्तन म्हणूनच ठरवण्यात आली. इतक्या जुन्या वापरकर्त्यांच्या सवयी दुखावण्याचा धोका पत्करून हा बदल झाला, याची नोंद आमच्या चर्चेत घेतली गेली पाहिजे.

मराठी मजकुराचा इतिहास या सगळ्याहून वेगळा आहे. नव्वदच्या दशकात डीटीपीसाठी वापरलेल्या फाँटांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेली होती. क्लिपबोर्डवर एकच मजकूर एकाच वेळी अनेक रूपांत ठेवता येतो. सजावटीसह असलेल्या रूपात फाँटचे नाव सोबत जाते, साध्या रूपात ते गळते. त्यामुळे अशा फाईलमधला परिच्छेद वर्डमध्ये नीट दिसे आणि नोटपॅडमध्ये उतरवताच रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग होई. सर्व लिप्यांच्या अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि विंडोज 2000 पासून ती प्रणालीतच नीट दिसू लागली, तरी ठाण्यातल्या डीटीपीवाल्यांच्या हार्ड डिस्कवर जुन्या फाँटांतला मजकूर आजही भरपूर आहे. नौपाड्यातून आलेले आमचे सहकारी ‘सजावटीसह पेस्ट’ हा पर्याय इतक्या आग्रहाने का मागतात, याचे कारण येथे आहे. तो आग्रह जुना असला तरी अवाजवी नाही.

प्रस्तावाच्या मसुद्यात सध्या असे म्हटले आहे की एडिटरमध्ये एकच क्लिपबोर्ड असावा आणि तो प्रणालीचाच असावा. डिलीट आणि बॅकस्पेस यांनी त्याला हात लावू नये. निवडलेल्या मजकुरावर पेस्ट केले, तर जागा सोडणारा मजकूर क्लिपबोर्डवर जाऊ नये. पुसलेले परत हवे असल्यास त्यासाठी अनडू आहे. जुन्या कॉपींचा इतिहास विंडोजमध्ये 2018 पासून प्रणालीच ठेवू शकते, त्यामुळे त्याची दुसरी यादी एडिटरने बाळगण्याचे कारण नाही. पेस्ट मुळात साध्या मजकुराचे व्हावे आणि जुन्या फाँटांतील मजकुरासाठी रूपांतर करून पेस्ट करण्याची वेगळी आज्ञा असावी.

एक मुद्दा मात्र अजून मिटलेला नाही. बाहेरून येणाऱ्या मजकुरातील अदृश्य चिन्हे पेस्ट करताना काढून टाकावीत, अशी प्रोग्रॅमर सहकाऱ्यांची सूचना आहे, कारण त्या चिन्हांमुळे शोध चुकतो. परंतु ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र अनेक जुन्या फाईलींत साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचे जोडचिन्ह अशा तिहेरी रूपात साठवलेला असतो. ते चिन्ह काढले की शब्दाचे ‘वार्यावर’ होते, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून ते निसटले तर तसेच छापले जाते. म्हणून सरसकट सफाई न करता र आणि हलन्त यांच्या पाठोपाठ आलेले जोडचिन्ह राखावे आणि शोधाच्या वेळी अर्ध्या र ची, जोडचिन्हाचे आणि जोडचिन्हाविना लिहिलेले अशी, दोन्ही रूपे एकच मानावीत, असा पर्यायी मजकूर कलमासाठी सुचवलेला आहे.