निगेटिव्ह रिपोर्टवाले पण मोजायचे असतात

इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरातली आमची स्टुडंट रिसर्च ट्रिप आता संपत आलीये, फिरणं बंद, नुसत्या एक्सेल शीट्स. डेंग्यू कमी करायला इथे मुद्दाम खास डास सोडले होते, त्या प्रयोगाबद्दलच हे. ठाण्याला घरी फोन केला की आईचं एकच, "अगं, उलट आणखी डास सोडले तर डेंग्यू कमी कसा होईल? इथे पालिकेची गाडी धूर मारून जाते तरी होत नाही!" धुराने उडणारे डास मरतात, अंडी नाही, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घरात पडद्यामागे बसलेला असतो, त्यामुळे त्यात नवल नाही. पण सोडलेल्या डासांचं जरा नीट सांगते.

वोल्बाकिया नावाचा बॅक्टेरिया कीटकांच्या पेशींत राहतो. जगातल्या निम्म्याच्या आसपास कीटकजातींत तो असतोच, पिकलेल्या केळ्यांवरच्या चिलटांतसुद्धा, पण डेंग्यूवाल्या एडिस इजिप्टायमध्ये मुळात नसतो. शास्त्रज्ञांनी तो चिलटांमधून घेऊन एडिसच्या अंड्यांत टोचला (सुई किती बारीक असेल!). त्याने एक तर डासाच्या अंगात डेंग्यूचा व्हायरस नीट वाढत नाही. दुसरं जास्त भारी आहे, वोल्बाकियावाला नर आणि साधी मादी असेल तर अंडी फुटतच नाहीत, पण मादी वोल्बाकियावाली असेल तर नर कुठलाही असो, पिल्लं बॅक्टेरिया घेऊनच येतात. म्हणजे काही महिने डास सोडायचे, पुढचं काम डासच करतात.

इथे शहराचे 24 भाग पाडून त्यातले 12 लॉटरीने निवडले आणि 2017 मध्ये तिथे ठिकठिकाणी वोल्बाकियावाल्या डासांच्या अंड्यांच्या बादल्या ठेवल्या. आता फरक पडला का हे मोजायचं कसं, लाखो लोकांच्या मागे कोण फिरणार? तर ताप आला म्हणून सरकारी दवाखान्यात आलेल्या 3 ते 45 वयाच्या लोकांची टेस्ट केली, डेंग्यू निघाला ते एकीकडे, भलताच ताप निघाला ते दुसरीकडे (चिकनगुनिया, झिका वगळून, कारण तेही एडिसचेच), आणि मग पत्ते बघितले. भलत्या तापाला या डासांशी देणंघेणं नाही, त्यामुळे कुठल्या भागातले लोक दवाखान्यात जास्त येतात ते त्याच्यावरून कळतं आणि तुलना फसत नाही. मला तर अख्ख्या प्रोजेक्टमधली हीच आयडिया सगळ्यात हुशार वाटते, डासांपेक्षाही.

आकडे असे, बादलीवाल्या भागांत टेस्ट केलेल्या 2905 पैकी 67 जणांना डेंग्यू, बाकीच्यांत 3401 पैकी 318. हिशोब केला की 77 टक्के घट, अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण तर 86 टक्क्यांनी कमी. तेही माणसं आणि डास हद्द पाळत नसताना.

आपल्याकडे पावसाळ्यात बातमी येते ती फक्त पॉझिटिव्हची. टेस्ट किती झाल्या ते सहसा नसतंच, मग डेंग्यू वाढला की टेस्टिंग वाढलं, काय समजायचं? ज्याला परवडतं तो लगेच लॅबमध्ये जातो, ज्याचा खाडा होतो तो क्रोसिन घेऊन लोकल पकडतो.

पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या संस्थेने वोल्बाकियावाले एडिस तयार केलेत, पण म्हणून ते उद्या आपल्या सोसायटीत येत नाहीयेत. तोवर आईला सांगितलंय, कुंड्यांखालच्या ताटल्या नुसत्या ओतू नकोस, काथ्याने घासून काढ, एडिसची अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात.