ऊलांच्या दोऱ्या आणि गधेगळावरचे चंद्र-सूर्य

ठाण्यातल्या आम्ही काही जणांनी मिळून ऊल हा परग्रहावरचा समाज रचला. त्याच्या कथा वाचणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: हे लोक दोरीवर का लिहितात? उत्तर त्यांच्या चिखलात आहे.

ठाणे खाडीत उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (लहान भरती) कधी, हे तिथीवरून सांगता येतं. ऊलांच्या ग्रहाला दोन चंद्र. त्यांची ओढ एकमेकींत मिसळते आणि ओहोटीला किती खाजण उघडं पडेल, हे रोज बदलतं. आज कुणाचा पट्टा कुणी वापरला, त्याबदल्यात काय देणं राहिलं, यावरून घराघरांत तंटे. सुरुवातीला ते चिखलात शिंपले रोवून खूण करत; भरती आली की खूण गेली. मग दोरी आली. म्हणजे आधी देणं-घेणं, मग चिन्हं. पृथ्वीवरही असंच घडलं. आजच्या इराकमधल्या उरुक या प्राचीन शहरात सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर बहुतेक धान्य-गुरांचे हिशेब आहेत. कविता फार नंतरची.

गाठींची रीत दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या किपूवरून, म्हणजे नोंदी ठेवायच्या गाठींच्या दोऱ्यांवरून सुचली. किपूत गाठ दोरीवर कुठल्या उंचीवर आहे, यावरून एकक, दशक, शतक ठरतं. ऊलांना दोन हातांची मिळून सहाच बोटं, म्हणून त्यांची मोजणी सहाच्या पटीत. वर तीन साध्या गाठी आणि खाली चार वेढ्यांची एक गाठ, म्हणजे आपले 22. देणं फिटलं तरी गाठ सोडत नाहीत, शेजारी रंगीत धागा बांधतात. सोडलेल्या गाठीचा पुरावा उरत नाही ना!

दोरीच्या टोकाशी असलेली दोन जोडवर्तुळं मात्र थेट आपल्या मातीतली. श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं, उत्तर कोकणच्या शिलाहारांचं मोठं सत्ताकेंद्र होतं. त्या काळातल्या गधेगळांवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळांवर, माथ्याशी चंद्र-सूर्य कोरलेले असतात: ते आकाशात असेतोवर हे दान चालू राहो. मध्ये दानाचा लेख, खाली गाढवाचं शिल्प. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही शाप कळायचा. चित्रानं कायदा सांगण्याची ही ताकद आम्हाला विलक्षण वाटते. पण दान मोडणाऱ्याच्या आईवरून दिलेली ती शिवी आम्ही ऊलांकडे नेली नाही. करार मोडणाऱ्याची दोरी तिथे स्वतःच्या नावानं चारचौघांत वाचली जाते, तेवढं पुरे.

पुढे डोंगरातले व्यापारी आले. त्यांना गाठी चाचपून वाचता येईनात, तेव्हा ऊलांनी गाठींची चित्रं भाजलेल्या विटांवर काढली. त्यांच्या अक्षरांना वेढे आहेत ते त्यामुळे. व्यापारी येण्याआधीच्या काळातली कथा कुणी लिहीत असेल, तर तिच्यात विटा नकोत, फक्त दोऱ्या.