शंभर ऑक्टेन टाकलं की गाडी पळते?

'एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल) टाक, पिकअप बघ!' हा सल्ला सरसकट खरा नाही. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमधली ताकद दाखवत नाही. सिलिंडरमधल्या दाबाखाली आपोआप पेट घ्यायला ते किती विरोध करतं, एवढंच सांगतो. आपल्याकडचं साधं पेट्रोल पूर्वी किमान ९१ रॉनचं असायचं (रॉन म्हणजे ऑक्टेन मोजायची आपल्याकडची पद्धत). साध्या पेट्रोलवरच ट्यून केलेल्या गाडीत १०० टाकणं म्हणजे निव्वळ पैसे जाळणं.

टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या परफॉर्मन्स इंजिनाची गोष्ट मात्र वेगळी. कंपनीने ९५ सांगितलं असताना ९१ भरलं, तर नॉक सेन्सर (इंधन अवेळी पेटल्याचे हादरे ओळखणारा) इशारा देतो, इंजिनाचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, जोर घटतो. जोरात पळवल्यास इंजिनालाही धोका. पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर वाचा. अमेरिकी मॅन्युअलमधलं ९१ मात्र एकेआय (तिथली ऑक्टेन मोजायची वेगळी पद्धत) असतं, म्हणजे साधारण ९५-९६ रॉन.