थ्रेड वाढवले म्हणजे कोअर वाढले का?

बारावीनंतर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला की रत्नागिरी, चिपळूण, कुडाळच्या दुकानांत लॅपटॉपची खरेदी सुरू होते. खोक्यावर ‘8 कोअर, 16 थ्रेड’ लिहिलेलं असतं आणि कोअर-थ्रेडची गल्लत तिथूनच सुरू होते.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला सूचना प्रत्यक्ष पाळणारा भाग. विकत घेतले तेवढेच कोअर, नंतर वाढत नाहीत. थ्रेड म्हणजे प्रोग्राममधली सूचनांची एकेक स्वतंत्र साखळी; ते किती हे मात्र प्रोग्राम लिहिणारा ठरवतो. एका कोअरवरही शंभर थ्रेड चालतात, कारण ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना आळीपाळीने क्षणभर कोअर देते. खरोखर एकाच क्षणी दोन थ्रेड चालवायचे तर सहसा दोन कोअर लागतात. सहसा म्हणण्याचं कारण खोक्यावरचे ते 16. इंटेलने 2002 मध्ये हायपर-थ्रेडिंग आणलं, तेव्हापासून एकेक कोअर सिस्टीमला दोन असल्यासारखा दिसू शकतो. पण आकडेमोड करणारी यंत्रणा त्या दोन थ्रेडांत सामायिक असते, त्यामुळे वेग दुप्पट होत नाही.

आता मालवणातलं काम घ्या. स्कूबा करून आलेल्या पर्यटकांना पाण्याखालचे व्हिडिओ द्यायचेत. आठ क्लिपच्या फाइलचा आकार लहान करायचा तर एकीचं दुसरीवाचून अडत नाही. आठ थ्रेड आठ कोअरवर जोमाने धावतात. त्याच क्लिप पाठवताना मात्र कोअर बहुतेक वेळ रिकामा बसतो, वाट बघायची असते ती रेंजची. तिथे थ्रेड उपयोगी पडतात, जादा कोअर नाहीत. माझ्या मते हा फरक पहिल्याच वर्षी शिकवायला हवा.

शिवाय सगळंच काम वाटता येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेल्या मुद्द्यावरून हिशेब होतो: 90 टक्के काम वाटता आलं, तर आठ कोअरवर वेग जेमतेम 4.7 पट होतो. कोअर कितीही लावा, दहापटीपलीकडे जाता येत नाही.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. नेहमीच्या पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, त्यामुळे आकडेमोडीसाठी थ्रेड वाढवून काही हाती लागत नाही. तिथे वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती, वापराव्यात. हे बंधन काढलेली प्रायोगिक आवृत्ती 2024 मध्ये पायथन 3.13 सोबत आली.

लिनक्सवर टॉप (top) ही कमांड चालवून 1 दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल (हायपर-थ्रेडिंग असेल तर एकाचे दोन). एकच शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत असतील, तर नव्या लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी प्रोग्रामचा कोड उघडून बघा.