फुटबॉल क्लबांचे अर्थकारण आणि समर्थकांची निष्ठा

व्यावसायिक फुटबॉल क्लबची कायदेशीर मालकी एखाद्या व्यक्तीकडे, कुटुंबाकडे किंवा गुंतवणूक संस्थेकडे असते. त्याचे नाव, रंग, मैदान आणि आठवणी मात्र समर्थक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलेले असतात. या दोन हक्कांची ओढाताण झाली की समर्थकांत असंतोष निर्माण होतो. तिकिटांचे वाढते दर, क्लबच्या माथी मारलेले कर्ज, मैदानाची विक्री, दुसऱ्या शहरात स्थलांतर आणि शेवटी दिवाळखोरी ही त्याची नेहमीची कारणे होत. हा असंतोष आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळी हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. यातील बहुतेक उदाहरणे इंग्लंडमधील आहेत, कारण क्लबांच्या खुल्या खरेदी-विक्रीला तेथे सर्वाधिक मोकळीक मिळाली आणि तिचे परिणामही तेथेच सर्वांत आधी भोगावे लागले.

या प्रश्नाचे मूळ समर्थकाच्या निष्ठेच्या स्वरूपात आहे. एखाद्या दुकानातला माल महागला किंवा बिघडला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते आणि या भीतीपोटी दुकानदार भाव व दर्जा सांभाळतो. फुटबॉलमध्ये हा धाक चालत नाही. आजोबांचा किंवा आईचा हात धरून जो मुलगा पहिल्यांदा स्टँडमध्ये गेला, तो संघ हरला, खालच्या श्रेणीत घसरला किंवा तिकीट दुप्पट महागले म्हणून प्रतिस्पर्धी क्लबचा समर्थक होत नाही. फार तर तो मैदानावर जाणे सोडतो आणि घरी बसून हळहळतो. परिणामी, बाजाराचा जो अंकुश इतर कोणत्याही धंद्यावर असतो, तो क्लबच्या मालकावर जवळजवळ नसतोच. मालकाने खेळलेला जुगार जिंकला तर श्रेय त्याचे असते. हरला तर तो क्लब विकून मोकळा होतो आणि ओझे समर्थकांच्या खांद्यावर राहते. हा व्यवहार समर्थकांसाठी मुळातच आतबट्ट्याचा आहे.

इंग्लंडमधील अनेक क्लब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च, कारखाने आणि शाळा यांच्या आश्रयाने सुरू झाले. पुढे त्यांच्या मर्यादित कंपन्या झाल्या, तरी कोणी क्लबमधून भरमसाट नफा उपसू नये म्हणून फुटबॉल असोसिएशन (एफए) या तेथील खेळाच्या नियामक संस्थेने भागधारकांना मिळणाऱ्या लाभांशावर मर्यादा घातली होती. १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परने एक पालक कंपनी स्थापून तिचे समभाग शेअर बाजारात आणले. नियम क्लबला लागू होता, पालक कंपनीला नव्हता. ही पळवाट सापडल्यावर इतरांनीही तीच वाट धरली. १९९२ मध्ये प्रीमियर लीग ही सर्वांत वरची श्रेणी सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणारा पैसा प्रामुख्याने वरच्या श्रेणीत जाऊ लागला. वरच्या आणि खालच्या श्रेणींच्या उत्पन्नातली दरी रुंदावत गेली, तसा वर टिकून राहण्यासाठी ऐपतीबाहेर खर्च करण्याचा मोहही वाढत गेला.

त्या मोहाचे ठळक उदाहरण लीड्स युनायटेडचे आहे. हा क्लब २००१ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. खेळाडूंवरचा खर्च भागवण्यासाठी क्लबने ६ कोटी पौंडांचे कर्ज उभारले आणि त्यासाठी पुढील २५ वर्षांत तिकीटविक्रीतून येणारे उत्पन्न तारण ठेवले. हा तपशील नीट लक्षात घेण्याजोगा आहे: लोक उद्याही येतील, परवाही येतील, त्यांची मुले येतील, या भरवशावर समर्थकांची निष्ठाच सावकाराकडे गहाण टाकली गेली आणि त्यांना कोणी विचारलेही नाही. चॅम्पियन्स लीगचे स्थान हुकले, खेळाडू विकावे लागले, २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला आणि त्याच वर्षी एलंड रोड हे त्याचे मैदानही विकले गेले. २००७ मध्ये तो प्रशासकाच्या, म्हणजे दिवाळखोरीत कारभार हाती घेणाऱ्या कायदेशीर अधिकाऱ्याच्या, ताब्यात जाऊन तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. मैदान परत क्लबच्या मालकीचे व्हायला २०१७ साल उजाडले.

पोर्ट्‌समथची कथा याच वळणाची आहे. २००८ मध्ये एफए कप ही इंग्लंडमधील बाद पद्धतीची जुनी स्पर्धा जिंकणारा हा क्लब फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाकडे गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला तो पहिलाच क्लब. अशा प्रसंगी फुटबॉलमध्ये एक वेगळाच नियम लागू होतो. खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी पूर्ण फेडावी लागतात. बाकीच्यांच्या वाट्याला मात्र रुपयामागे काही पैसे यावेत तशी उरलीसुरली रक्कम येते. पोर्ट्‌समथच्या थकीत देण्यांच्या यादीत सामन्यांच्या वेळी प्रथमोपचार देणाऱ्या सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या सेवाभावी संस्थेचेही नाव होते. ज्यांचे पैसे बुडाले त्यांतले कित्येक त्याच शहरातले आणि त्याच क्लबचे समर्थक होते, हे वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने पदरमोड करून क्लब विकत घेतला, कर्जमुक्त केला आणि २०१७ मध्ये भागधारकांच्या मतदानानंतर तो एका अमेरिकी गुंतवणूकदाराला विकला.

मँचेस्टर युनायटेडच्या बाबतीत क्लब बुडाला नाही, आणि म्हणूनच तेथील रोष समजून घेण्यासारखा आहे. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना हा क्लब घेतला. त्यातली मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि त्या कर्जाचा बराचसा भार क्लबवरच टाकण्यात आला. तोवर कर्जमुक्त असलेला क्लब आपल्याच खरेदीचे व्याज भरू लागला. काही समर्थकांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा स्वतंत्र क्लब काढला. जे राहिले त्यांनी २०१० मध्ये हिरव्या-सोनेरी रंगाचे स्कार्फ गळ्यात घातले. हे न्यूटन हीथ या मूळ क्लबचे रंग होत. संघावर प्रेम आहे पण मालकावर नाही, हे एकाच वेळी सांगण्याची ती रीत होती.

बरी एफसीच्या वाट्याला आलेला शेवट याहून कठोर आहे. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकला; १९०३ चा अंतिम सामना तर डर्बी काउंटीविरुद्ध ६-० असा. डिसेंबर २०१८ मध्ये हा क्लब अवघ्या १ पौंडाला विकला गेला. पुढच्या काही महिन्यांत खेळाडूंचे पगार थकले, तरीही त्याच संघाने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. ऑगस्ट २०१९ मध्ये देणी फेडण्याची खात्री देता न आल्यामुळे नव्या हंगामाचे सामने एकामागून एक रद्द होत गेले. एका माजी संचालक महिलेने गिग लेन मैदानाच्या पन्हळीला स्वतःला बेड्यांनी जखडून घेतले. महिनाअखेरीस नवा खरेदीदार मिळाल्याची वार्ता आली, तेव्हा शेकडो समर्थक झाडू, फडकी आणि बादल्या घेऊन मैदानावर आले. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या स्टँडमधल्या खुर्च्या त्यांनी पुसून काढल्या, कारण पुढचा सामना जवळ आला होता. त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री लीगने क्लबला बाहेर काढले. पुसलेल्या खुर्च्यांवर बसायला कोणी आले नाही. निष्ठा आणि मालकी यांतले अंतर या एका दिवसाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. काही समर्थकांनी पुढे बरी एएफसी हा नवा क्लब काढला, तर काही जुन्या क्लबलाच धरून राहिले; मैदान परत मिळवून हे दोन्ही गट एकत्र आले आणि २०२३ मध्ये गिग लेनवर पुन्हा बरीचे सामने होऊ लागले.

पैशाइतकाच ओळखीचा प्रश्नही समर्थकांना झोंबतो. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकाने क्लबचा परंपरागत निळा पोशाख बदलून लाल केला; ‘ब्लूबर्ड्‌स’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या संघाला लाल रंग देण्याचा हा प्रकार समर्थकांच्या विरोधामुळे जानेवारी २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला. चार्लटन अ‍ॅथलेटिकचे उदाहरण अधिक उभारी देणारे आहे. १९८५ मध्ये क्लबने ‘द व्हॅली’ हे मैदान सोडले आणि स्थानिक पालिकेने तेथे परतण्याची योजना फेटाळली, तेव्हा समर्थकांनी ‘व्हॅली पार्टी’ नावाचा पक्षच काढला आणि १९९० च्या ग्रिनिच पालिकेच्या निवडणुकीत १४,८३८ मते मिळवली. डिसेंबर १९९२ मध्ये चार्लटन आपल्या मैदानावर परतला.

तिकीटदरांच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०१६ चा लिव्हरपूल-संडरलँड सामना महत्त्वाचा ठरला. पुढच्या हंगामासाठी सर्वांत महागडे तिकीट ७७ पौंडांचे करण्याची घोषणा झाली होती. अ‍ॅनफिल्डवर ७७ वे मिनिट लागताच सुमारे १० हजार प्रेक्षक उठून चालू लागले. त्या वेळी लिव्हरपूल २-० ने पुढे होता. ते गेल्यावर संडरलँडने दोन गोल करून बरोबरी साधली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्यानंतरच्या हंगामापासून प्रीमियर लीगने पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटाची कमाल किंमत ३० पौंड ठरवून दिली. आयुष्यात क्वचितच सामना अर्ध्यावर सोडणाऱ्या माणसांनी पाठ फिरवणे ही त्यांच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

१८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातील १२ बड्या क्लबांनी ‘युरोपियन सुपर लीग’ जाहीर केली. तीत संस्थापक क्लबांची जागा कायम राखीव राहणार होती. हरलो तर खाली जाऊ, जिंकलो तर वर येऊ, या तत्त्वावर उभा असलेला खेळ काही मालकांच्या निश्चित उत्पन्नासाठी बंदिस्त केला जात होता. दोनच दिवसांनी चेल्सीच्या समर्थकांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला आणि क्लबचा माजी गोलरक्षक पीटर चेक त्यांची समजूत घालायला रस्त्यावर उतरला. त्या रात्रीपर्यंत इंग्लंडचे सहाही क्लब माघारीच्या वाटेवर होते. या निषेधात एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे समर्थक एका बाजूला उभे राहिले.

खर्चावर नियंत्रण ठेवणारे नियम हे या दुखण्यावरचे औषध मानले गेले, पण त्याचेही दुष्परिणाम झाले. प्रीमियर लीगच्या नियमानुसार क्लबला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखवता येत नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये या नियमाच्या भंगाबद्दल एव्हर्टनचे १० गुण कापले गेले. अपिलानंतर ही कपात ६ गुणांवर आली. ताळेबंद बिघडवला संचालकांनी, गुण गेले संघाचे आणि जीव टांगणीला लागला समर्थकांचा, ही तेथील लोकांची तक्रार योग्यच होती. रेडिंगच्या समर्थकांनाही लागोपाठच्या गुणकपातींनी असेच जेरीस आणले. मालकाने क्लब विकावा या मागणीसाठी जानेवारी २०२४ मध्ये ते मैदानात उतरले आणि पोर्ट व्हेलविरुद्धचा सामना १६ व्या मिनिटाला थांबून पुढे रद्द झाला; क्लबची विक्री व्हायला मे २०२५ उजाडला. मात्र नाण्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: नवे खेळाडू विकत घ्या, पैसा ओता, असा घोष स्टँडमधूनच होतो आणि हात आखडता घेणाऱ्या मालकाला समर्थक चिक्कू ठरवतात. जुगाराच्या काळात लीड्सच्या स्टँडमधूनही टाळ्याच ऐकू येत होत्या.

जर्मनीत १९९८ पासून ‘५०+१’ नियम आहे. व्यावसायिक संघाची कंपनी केली तरी तिच्यातील निम्म्याहून किमान एक मत अधिक सभासदांच्या मूळ संस्थेकडे राहिले पाहिजे, असे तो सांगतो. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांना जुन्या औद्योगिक संबंधांमुळे त्यातून सूट मिळाली. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आरबी लाइपझिगने मताधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवून नियमाचे शब्द पाळले आणि आशय गुंडाळून ठेवला, असा समर्थकांचा आक्षेप आहे. लीगच्या माध्यम हक्कांतील वाटा खासगी गुंतवणूकदाराला देण्याच्या योजनेविरुद्ध २०२३-२४ च्या हिवाळ्यात समर्थकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने वारंवार थांबवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने ती योजना सोडून दिली. तथापि सभासदांची मालकी म्हणजे शहाणपणाची हमी नव्हे. बार्सिलोनाचे लाखावर सभासद आपला अध्यक्ष स्वतः निवडतात. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबवर १३५ कोटी युरोंचे देणे असल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले आणि त्याच महिन्यात लिओनेल मेस्सीला क्लब सोडावा लागला.

बरीची हकालपट्टी आणि सुपर लीगचा प्रयत्न यांनंतर ब्रिटिश सरकारने खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली समर्थककेंद्री चौकशी नेमली. तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि त्याच्या आधारे २०२५ चा फुटबॉल प्रशासन कायदा झाला. इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींतील पुरुष संघांच्या क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागणार आहे. नियामक मालकाची पात्रता तपासू शकतो. मैदान विकण्यासाठी किंवा हलवण्यासाठी त्याची मंजुरी घ्यावी लागेल. बोधचिन्ह आणि घरच्या पोशाखाचे रंग बदलताना समर्थकांचे मत विचारात घ्यावे लागेल. तिकिटांचे दर ठरवण्याचा अधिकार मात्र मालकांकडेच राहिला आहे आणि सामान्य समर्थकाचा खिसा दर आठवड्याला तेथेच हलका होतो.

समर्थकांनी क्लब पुन्हा उभारल्याचे सर्वांत ठळक उदाहरण विम्बल्डनचे आहे. १९८८ चा एफए कप जिंकणाऱ्या या लंडनच्या क्लबला सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स येथे नेण्यास एका आयोगाने मे २००२ मध्ये परवानगी दिली. समर्थकांनी नव्याने क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही त्या आयोगाने आपल्या निर्णयात लिहिले होते. काही आठवड्यांतच समर्थकांनी एएफसी विम्बल्डनची स्थापना केली. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर निवड चाचणी ठेवली, तेव्हा दोनशेहून अधिक हौशी खेळाडू हजर झाले. नवव्या श्रेणीतून सुरुवात करून हा क्लब २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, पोहोचला. जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, प्लाव लेनवरच नवे मैदान बांधताना पैसे कमी पडले, तेव्हा समर्थकांनी रोखे घेऊन ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली. ३ नोव्हेंबर २०२० रोजी डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध तेथे पहिला सामना झाला आणि तो २-२ असा बरोबरीत सुटला. कोविडच्या निर्बंधांमुळे त्या संध्याकाळी स्टँड रिकामे होते. ज्यांनी ते मैदान उभे केले, त्या समर्थकांनी तो सामना घरी बसून पाहिला.