श्वानप्रदर्शन

श्वानप्रदर्शन : शुद्ध जातीचे म्हणून नोंदलेले कुत्रे त्या त्या जातीच्या लेखी वर्णनाशी ताडून पाहून त्यांचा क्रम लावण्याची स्पर्धा. या वर्णनाला जातिमानक म्हणतात. कुत्र्यांच्या शर्यती, शिकारीच्या मैदानी चाचण्या किंवा आज्ञापालनाच्या स्पर्धा यांहून हा प्रकार वेगळा आहे, कारण येथे कुत्रा काय करतो यापेक्षा तो कसा घडला आहे हे पाहिले जाते. तत्त्वतः ही पैदाशीचे जनावर पारखण्याची चाचणी आहे. अमेरिकेत नसबंदी केलेल्या कुत्र्याला ठेवणीच्या स्पर्धेत प्रवेश नसतो तो त्यामुळेच. व्यवहारात मात्र गेल्या सुमारे दीडशे वर्षांत या चाचणीनेच कुत्र्यांचे रूप मोठ्या प्रमाणावर घडविले. त्यामुळे प्रदर्शनांचा इतिहास आणि प्रदर्शनी कुत्र्यांच्या शरीराचा इतिहास वेगवेगळे सांगता येत नाहीत.

उगम : पहिल्या आधुनिक श्वानप्रदर्शनाचा मान सामान्यतः इंग्लंडमधील न्यूकॅसल अपॉन टाइन येथे २८ व २९ जून १८५९ रोजी भरलेल्या प्रदर्शनाला दिला जातो. ते स्वतंत्र नव्हते. दुसऱ्या एका प्रदर्शनाला जोडून ते भरविले होते, आणि ते मूळ प्रदर्शन गुरांचे होते की कोंबड्यांचे याबद्दल मागाहूनच्या वृत्तान्तांत मेळ नाही. पॉइंटर आणि सेटर हे पक्ष्यांच्या शिकारीतील दोनच प्रकार त्यात होते, नोंदी साठ होत्या आणि बक्षिसे म्हणून पेप या स्थानिक बंदूककाराने बनविलेल्या बंदुका ठेवल्या होत्या. पॉइंटरांच्या गटात पहिला आलेला कुत्रा सेटरांच्या एका परीक्षकाचा होता आणि सेटरांच्या गटात पहिला आलेला पॉइंटरांच्या एका परीक्षकाचा होता, असे नमूद आहे. परीक्षकांच्या निःपक्षपातीपणाविषयीची तक्रार ही प्रदर्शनाइतकीच जुनी आहे, हे यावरून दिसते.

१८५९ हे आरंभवर्ष मात्र सर्वांना मान्य नाही. लंडनमधील काही मद्यगृहांत त्याआधी निदान दहा-एक वर्षे, आणि कदाचित त्याहूनही आधीपासून, कुत्र्यांचे छंदी लोक संध्याकाळी जमत आणि आपापले टेरिअर, बुलडॉग व मांडीवरचे लहान कुत्रे टेबलावर ठेवून एकमेकांना दाखवीत. हेमार्केट भागातील क्वीन्स हेड चालविणारा जेमी शॉ हा अशा बैठकांचा प्रसिद्ध यजमान होता. त्याच वर्तुळात उंदीर मारण्याच्या पैजाही लागत. क्रीडाप्रिय जमीनदारवर्गाच्या लेखकांनी या बैठकांची दखल तुच्छतेने घेतली आणि पुढील बऱ्याच ग्रंथांत तोच सूर उतरला. एक मत असे, की या बैठका म्हणजे केवळ करमणूक होती आणि नियम, परीक्षक, छापील यादी व जाहीर निकाल यांचा मेळ न्यूकॅसललाच प्रथम बसला. दुसरे मत असे, की कुत्र्याला कामावरून नव्हे तर डोक्याच्या घडणीवरून, रंगावरून आणि वजनावरून जोखण्याची दृष्टी मद्यगृहांतच तयार झाली. प्रदर्शनाचा साचा न्यूकॅसलचा आणि दृष्टी मद्यगृहांची असे म्हणणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून होईल, कारण न्यूकॅसलचे पॉइंटर व सेटर हे अजून खरोखरच शेतात काम करणारे कुत्रे होते, तर पुढे प्रदर्शनांत भरमसाट वाढलेले बहुतेक वर्ग कामाशी संबंध सुटलेल्या कुत्र्यांचे होते. १८३५ मध्ये बैलझुंजीवर, म्हणजे बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याच्या खेळावर, कायद्याने बंदी आल्यावर निरुपयोगी ठरलेला बुलडॉग हे त्याचे ठळक उदाहरण. १८६० मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात शिकारी नसलेल्या कुत्र्यांनाही वर्ग मिळाले, तेव्हा हे दोन प्रवाह एकत्र आले असे मानता येते.

सुरुवातीच्या प्रदर्शनांची व्यवस्था आजच्या मानाने ओबडधोबड होती. कुत्रे दिवसभर गवत पसरलेल्या लाकडी बाकांवर साखळीने बांधलेले असत आणि प्रेक्षक त्या रांगांमधून फिरत. यादीत बऱ्याचदा प्रत्येक कुत्र्याची विक्रीची किंमत छापलेली असे, आणि ज्याला विकायचे नसे तो मालक अवाच्या सवा आकडा घालून मोकळा होई. बॉब, बँग, जेट, नेटल, विक अशी नावे शेकडो कुत्र्यांना असल्याने बक्षीस नेमके कोणत्या बॉबने मिळविले हे सांगणे कठीण होते. ४ एप्रिल १८७३ रोजी सिवॅलिस शर्ली यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. त्याने १८७४ मध्ये १८५९ पासूनच्या विजेत्यांचे नोंदपुस्तक प्रसिद्ध केले आणि १८८० पासून नावनोंदणीची पद्धत आणली, ती बऱ्याच अंशी या घोळामुळेच. एका नावाचा एकच कुत्रा, हा नियम वरकरणी किरकोळ वाटतो. पण वंशावळ कागदावर बिनचूक ठेवणे त्यामुळेच शक्य झाले, आणि नोंदपुस्तकाबाहेरचे रक्त जातीत येऊ न देण्याची पुढची सारी रीत त्यावरच उभी राहिली.

जातिमानक आणि त्याचे वाचन : बुलडॉगचे एक सविस्तर लेखी वर्णन १८६० च्या दशकाच्या मध्यास ‘फिलो-क्युऑन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. कोणत्याही जातीचे पहिले मानक म्हणून त्याचा उल्लेख होतो, परंतु वर्णन आणि बंधनकारक मानक यांत फरक केल्यास हा दावा थोडा सैल पडतो. त्याच सुमारास ‘स्टोनहेंज’ या नावाने लिहिणारे जॉन हेन्री वॉल्श यांनी अवयववार गुण देण्याची पद्धत रूढ केली : डोक्याला इतके, खांद्याला इतके, पायांना इतके, एकूण शंभर. परीक्षकाच्या लहरीला त्यामुळे आळा बसेल अशी अपेक्षा होती. गुणांची बेरीज करून निवडलेला कुत्रा एकंदरीने पाहता बेढब असू शकतो, हे लवकरच ध्यानात आले आणि गुणपत्रिका मागे पडत गेली. मानके मात्र राहिली.

या मानकांच्या भाषेकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. ‘कवटी रुंद’, ‘मुस्कट आखूड’, ‘कातडी सैल’, ‘पाठ उतरती’ अशी विशेषणे त्यांत असतात. त्यांना खालची मर्यादा असते, वरची बहुधा नसते. दोन कुत्रे शेजारी उभे असता ज्याची कवटी अधिक रुंद तो मानकाला अधिक जवळ, असा निष्कर्ष परीक्षक काढतो. मग त्याच कुत्र्याकडून पैदास होते आणि पुढच्या पिढीत तुलनेची पायरीच वर सरकते. मानकातला शब्द बदलत नाही, त्याचा अर्थ बदलतो. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संग्रहालयात सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्यांच्या सुमारे १२० वर्षांतील कवट्या जतन केलेल्या आहेत. त्यांचे मोजमाप करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेच आढळले : रुंद कवटी, नाक व कपाळ यांमधील तीव्र उतार, पुढे आलेली भुवईची कड ही मानकात वाखाणलेली लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली आहेत. पैदासकारांचा अविचार किंवा लोभ याला सारा दोष देणारे लेखन विपुल आहे, पण निवडीची ही यंत्रणा पाहता प्रामाणिक परीक्षक आणि काळजीवाहू मालक यांच्या हातूनही हाच परिणाम घडला असता, असे मत अधिक ग्राह्य वाटते.

मानकाच्या बाहेरून आलेल्या नियमांनीही शरीर बदलले. केनेल क्लबने १८९८ मध्ये कान छाटलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनबंदी केली. बुल टेरिअरचे कान तोवर कापून टोकदार केले जात. ते नैसर्गिकरीत्या उभे राहावेत यासाठी पैदासकारांना निवड करावी लागली आणि त्यात अनेक वर्षे गेली. शेपूटछाटीबाबत असाच नियम पुष्कळ उशिरा आला. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ नंतर शेपूट छाटलेले कुत्रे, प्रेक्षकांकडून प्रवेशशुल्क घेणाऱ्या प्रदर्शनांत दाखविता येत नाहीत. टेरिअर व स्पॅनिअल जातींच्या शेपट्या नेमक्या कशा असाव्यात हे त्यानंतर मानकांत नव्याने लिहावे लागले, कारण त्या पूर्ण लांबीच्या कोणी फारशा पाहिलेल्याच नव्हत्या.

केसांच्या निगेत झालेला पालट आणखी मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूडल जातीत जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या दोरखंडासारख्या जटांचे कुत्रे नावाजले जात. आज ते क्वचितच दिसतात आणि त्यांची जागा विंचरून फुलविलेल्या व कात्रीने गोलाई दिलेल्या केसांनी घेतली आहे. राठ केसांच्या टेरिअरला कात्री लावलेली चालत नाही. कात्रीने केस मऊ पडतो व रंग फिका होतो, म्हणून जुना केस बोटांच्या चिमटीत धरून, वाढीच्या दिशेने, थोडाथोडा उपटून काढतात. प्रदर्शनाच्या दिवशी अंगावरचा कोट नेमक्या लांबीचा असावा यासाठी हे काम काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने सुरू होते. खडूची भुकटी, फवारे आणि रंग यांवर नियमांनी निर्बंध आहेत, आणि ते कितपत पाळले जातात हा जुना वाद आहे.

रिंगणातील परीक्षण त्या मानाने फारसे बदललेले नाही. हँडलर, म्हणजे कुत्र्याला रिंगणात सादर करणारी व्यक्ती, त्याला चारही पायांवर ठरावीक ढबीत उभा करतो. लहान जातींना टेबलावर ठेवतात. परीक्षक ओठ वर करून दातांची ठेवण पाहतो, खांद्याचा कोन आणि छातीची खोली हाताने चाचपतो, नराचे दोन्ही वृषण उतरले आहेत की नाही हे तपासतो, आणि मग कुत्र्याला सरळ रेषेत नेऊन परत आणायला सांगून चाल पाहतो. दाट केसांच्या जातीत डोळ्याला दिसते ते आणि हाताला लागते ते यांत बरेच अंतर असते. एका कुत्र्याला या सर्वासाठी साधारणतः दोन-तीन मिनिटे मिळतात.

संघटना व प्रसार : न्यूयॉर्कचे वेस्टमिन्स्टर प्रदर्शन मे १८७७ मध्ये सुरू झाले. १,२०१ नोंदींच्या त्या पहिल्या प्रदर्शनात दोनच पायांनिशी जन्मलेली एक कुत्रीही मांडली होती, यावरून जत्रेतील नवलाई आणि वंशपरीक्षा यांच्यातील सीमा तेव्हा किती पुसट होती हे कळते. अमेरिकन केनेल क्लब १८८४ मध्ये आणि युरोपातील पाच देशांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९११ मध्ये स्थापन झाला. आज तो साडेतीनशेच्या आसपास जाती दहा गटांत विभागून मान्य करतो. ‘चॅम्पियन’ या किताबाचे गणित सर्वत्र सारखे नाही : ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज प्रमाणपत्रे मिळवावी लागतात, तर अमेरिकेत पंधरा गुण लागतात आणि त्यांत किमान दोन मोठे, म्हणजे एका वेळी तीन ते पाच गुण देणारे, विजय असावे लागतात.

श्वानबिस्किटांच्या व्यवसायात विक्रेते म्हणून नाव कमावलेल्या चार्ल्स क्रफ्ट यांनी १८८६ मध्ये टेरिअरांचे आणि १८९१ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन भागात सर्व जातींचे प्रदर्शन भरविले. त्यांच्या घरी कुत्रा नव्हता, मांजर होते, असे सांगतात. त्यांच्या मृत्यूनंतर ‘क्रफ्ट्स’ नावाने ओळखले जाणारे हे प्रदर्शन केनेल क्लबकडे आले व १९४८ पासून पुन्हा भरू लागले. सर्व जातींतून एकच सर्वोत्कृष्ट निवडण्याची प्रथा वेस्टमिन्स्टरला १९०७ मध्ये व क्रफ्ट्सला १९२८ मध्ये पडली. पहिला मान अनुक्रमे फॉक्स टेरिअर आणि ग्रेहाऊंड यांना मिळाला. या प्रथेमुळे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणीमुळे, आपल्या जातीतील सरस कुत्र्यापेक्षा दुरूनही उठून दिसणाऱ्या कुत्र्याला महत्त्व आले. गर्दीमुळे १९६७ पासून क्रफ्ट्ससाठी पात्रतेची अट घालावी लागली. १९९१ च्या शताब्दी प्रदर्शनात २२,९७३ कुत्रे होते. या क्षेत्रात स्त्रिया आरंभापासून मोठ्या संख्येने असूनही ब्रिटनच्या केनेल क्लबचे पूर्ण सभासदत्व त्यांना १९७९ मध्ये मिळाले.

आरोग्याचा प्रश्न : ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने दाखविलेल्या एका माहितीपटात वंशशुद्ध कुत्र्यांचे आनुवंशिक विकार आणि अंतःप्रजनन यांवर टीका झाली. २००९ पासून बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण थांबविले. केनेल क्लबने त्याच वर्षी सर्व मानकांची फेरतपासणी करून आरोग्याला बाधक अतिरेक टाळावा असे कलम त्यांत घातले. पेकिनीज या चपट्या तोंडाच्या जातीच्या मानकात मुस्कट स्पष्ट दिसलेच पाहिजे असे लिहिले गेले, आणि माता-पिता व अपत्य किंवा सख्खी भावंडे यांच्या संकरातून झालेल्या पिल्लांची नोंदणी बंद झाली. २०१२ च्या क्रफ्ट्समध्ये १५ जातींतील विजेत्यांना पशुवैद्यकीय तपासणी सक्तीची करण्यात आली. पेकिनीज, बुलडॉग, बॅसेट हाऊंड, मास्टिफ, निओपॉलिटन मास्टिफ व क्लंबर स्पॅनिअल या सहा जातींचे विजेते तीत नापास झाले व पुढील फेरीस मुकले. जातीच्या परीक्षकाने निवडलेले पशुवैद्याने नाकारावे, यावरून प्रदर्शकांत मोठा क्षोभ झाला.

नोंदपुस्तके बंद ठेवण्याच्या रीतीला अपवाद थोडे आहेत. अमेरिकेत बासेंजी जातीचे नोंदपुस्तक १९९० मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या कुत्र्यांसाठी उघडण्यात आले. डाल्मेशियन जातीत मूत्रातील यूरिक अम्ल वाढविणारा दोष सर्वत्र पसरलेला असल्याने रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका पॉइंटरशी एकदाच संकर केला आणि पुढील पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडल्या. दिसण्यात फरक उरला नव्हता. १९८१ मध्ये या वंशातील दोन कुत्र्यांची नोंद अमेरिकन केनेल क्लबने केली, मग विरोधामुळे हात आखडता घेतला, आणि २०११ मध्ये वंशाला पुन्हा मान्यता दिली. ब्रिटनमध्ये या वंशाची पहिली कुत्री २०१० मध्ये नोंदली गेली व पुढच्या वर्षी ती क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरली.